शालीखाली झाकलेलं काम

गेल्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या पालकसभेत एक साधा ठराव आला: वर्षभर शाळेच्या कामाला हातभार लावणाऱ्या पालकांचा स्नेहसंमेलनात सत्कार करावा. ठराव मांडणाऱ्या बाईंना वाटलं असणार, टाळ्या वाजतील आणि आपण गणवेशाच्या विषयाकडे वळू. तसं झालं नाही. मागच्या बाकावरून एक गृहस्थ उठले. "शिक्षकांना पगार सरकार देतं, इमारत निधी आम्ही देतो. मग वर्ग सजवायला, मुलांच्या रांगा लावायला आमच्या घरच्या बायका कशाला लागतात? आणि वर सत्कार? म्हणजे पुढच्या वर्षी आणखी राबवायला मोकळे!" त्यावर पुढच्या रांगेतून उत्तर आलं की ज्यांना यायला जमत नाही त्यांनी येणाऱ्यांना नावं ठेवू नयेत, आईच्या कष्टांचं मोल करायचं नसतं, पण कौतुकाचे दोन शब्द बोलायला काय जातं? मग आवाज चढले. एकीकडून 'फुकट राबवणं', दुसरीकडून 'शाळा म्हणजे आपलं कुटुंब', अशी तासभर नुसती फेकाफेक झाली आणि गणवेशाचा विषय पुढच्या सभेवर गेला.

हा वाद आमच्या तालुक्याच्या गावापुरता नाही. शहरातल्या शाळांत तो वर्गप्रतिनिधी आयांवरून होतो, जिल्हा परिषदेच्या शाळांत 'लोकसहभाग' या शब्दावरून. सगळीकडे तो असाच वाईट पद्धतीने लढवला जातो. एका बाजूला पालकांचं काम म्हणजे शोषण वाटतं, दुसऱ्या बाजूला माया. मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीत होते, त्यामुळे मला दोन्ही बाजूंची थोडी थोडी चीड येते. माझं म्हणणं असं आहे की सत्कार जरूर करावा, पण आज आपण तो ज्या तऱ्हेने करतो त्याने केलेलं काम दिसण्याऐवजी झाकलं जातं. पालकाने शाळेत केलेलं काम हे आधी काम म्हणून मोजावं. त्याची नोंद व्हावी आणि ते करणाऱ्याला त्या जोरावर बोलता यावं. शाल नंतर पांघरली तरी चालेल, नाही पांघरली तरी चालेल.

एक उदाहरण सांगते. शालेय पोषण आहाराचा नियम असा की अन्न मुलांच्या ताटात पडण्यापूर्वी मोठ्या माणसांनी ते चाखायचं आणि नोंदवहीत सही करायची. मी समितीत गेले तेव्हा आमच्या चव नोंदवहीतल्या महिनाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच बैठकीत झालेल्या होत्या, हे कोणालाही दिसलं असतं. चवीच्या रकान्यात रोज 'उत्तम'. त्या वर्षी चौथीतल्या एका मुलाची आई समितीत आली. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. दुपारच्या कामाला जाताना शाळा वाटेत पडते म्हणून ती जमेल त्या दिवशी यायची, भाताची दोन शितं बोटांत दाबून बघायची, आमटी तळहातावर घेऊन चाखायची आणि मगच सही करायची. सही तिला सावकाश करावी लागायची. सप्टेंबरातल्या एका दिवशी तिने ती केली नाही. खिचडीला कुबट वास येतोय म्हणाली. मुख्याध्यापक म्हणाले, मसाला आहे, कळायचं नाही. ती म्हणाली, "मग आधी तुम्ही खा, सर." तासभर खोळंबा झाला, मुलांना त्या दिवशी केळी आणि मुरमुरे दिले, आणि खोलीतली पोती हलवली तेव्हा भिंतीलगतच्या दोन पोत्यांना तळातून ओल लागून बुरशी धरलेली निघाली. तेव्हापासून आमच्याकडे धान्य फळ्यांवर ठेवतात.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात सात पालकांचा सत्कार झाला. मंडप सवलतीत देणारे एक, पाण्याची टाकी देणारे एक, ध्वनिक्षेपकवाले एक आणि वेशभूषेला मदत करणाऱ्या चार आया. ही बाई त्यांत नव्हती. तिला कुणी मुद्दाम वगळलं असं मी म्हणणार नाही. यादी करताना तिने शाळेसाठी काही केलंय असं कुणाला वाटलंच नाही. उलट तिने एक दिवस अडचणच केली होती ना! मीही त्या यादीच्या बैठकीत बसले होते आणि मलाही तिचं नाव सुचलं नाही, हेही इथे लिहून टाकते.

माझ्या वादाचा गाभा हाच आहे. आपण ज्याला पालकांचा सहभाग म्हणून गौरवतो, ती बहुतेक वेळा शाळेला हवी असलेली, शाळेने सांगितलेली मदत असते. शाळेला नको असलेली पण मुलांना हवी असलेली मदत आपल्या यादीत बसतच नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. तेलात कीटकनाशक होतं. तेल ठीक नाही अशी शंका स्वयंपाक करणाऱ्या बाईला आली होती, पण तिचं ऐकलं गेलं नाही, असं तेव्हा समोर आलं. म्हणजे ओळखणारी जीभ तिथे हजर होती. 'हे ताटात जाणार नाही' असं म्हणायचा अधिकार त्या जिभेला नव्हता. अन्न चाखून बघण्याच्या नियमावर देशभर भर दिला गेला तो त्यानंतर. आणि आपण तो नियम एका बैठकीतल्या तीस सह्यांवर आणून ठेवला. मग सांगा, चव बघणाऱ्या आईचे आभार कसे मानायचे? नारळ देऊन, की तिने सही न केल्यास जेवण थांबेल अशी व्यवस्था करून?

आपल्याकडे शाळेने पालकाकडे कोणत्या नजरेने पाहिलं, याचा इतिहास गमतीचा आहे. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. म्हणजे पालक हा कसूर करणारा, त्याला वठणीवर आणायचं. (त्या काळी ते गरजेचंच होतं, शेतावरचा एक हात कमी होणं म्हणजे काय, हे महाराजांना ठाऊक नव्हतं असं नाही.) दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, सातारा जिल्ह्यातल्या काले या गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांसाठी घरोघरच्या बायका जात्यावर बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढू लागल्या, तो मुष्टिफंड. तिथे पालक हा भागीदार झाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आणली, तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं सांगितलं, कलम २२ मध्ये शाळेचा विकास आराखडा करायचं काम तिच्याकडे दिलं. पालक देखरेख करणारा झाला. मधल्या काळात महागड्या शाळांनी त्याला गिऱ्हाईक करून टाकलं. आज आमच्या पालकसभेत हे चौघेही शेजारी शेजारी बसतात, आणि कधी कधी एकाच माणसात बसतात: हजेरी कमी म्हणून बोलणी खाणारा बाप पुढच्याच मिनिटाला 'आम्ही पैसे भरतो' म्हणून टेबलावर हात आपटतो.

सत्काराच्या भाषणांनी आता पाचवा पालक घडवला आहे: त्यागमूर्ती. सूत्रसंचालक ठरलेली वाक्यं म्हणतात, मातृशक्तीला वंदन होतं, 'घर सांभाळून शाळेसाठी वेळ देणाऱ्या माउली' असं म्हटलं जातं. ऐकायला कुणाला वाईट वाटेल? पण एकदा कामाला त्याग म्हटलं की त्याचा हिशेब विचारणं हलकटपणाचं ठरतं. किती तास? कुणाच्या सांगण्यावरून? त्या दिवसाची मजुरी बुडाली का? आईच्या मायेला असले प्रश्न कोण विचारणार? रयतच्याच इतिहासात याचा एक बोचरा नमुना आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांसाठी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या जवळपास प्रत्येकाला माहीत आहे. ती सांगताना वक्त्याचा आवाज हमखास दाटून येतो. पण त्याच लक्ष्मीबाई वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका घरात वाढवत होत्या, त्यांचं जेवणखाण, दुखणीखुपणी बघत होत्या, तेही विसाव्या शतकाच्या विशीत, जेव्हा एका पंगतीत बसवणं हेच बंड होतं. हे रोजचं काम व्यवस्थापनाचं होतं, धाडसाचं होतं. १९३० मध्ये त्या गेल्या. आपल्याला त्यांचं मंगळसूत्र आठवतं, त्यांची चूल आठवत नाही. सोनं एकदाच देता येतं, त्यामुळे त्याची गोष्ट होते. चूल रोज पेटते, तिची गोष्ट कोण करणार?

आता मागच्या बाकावरच्या गृहस्थांकडे वळते. त्यांचा सूर मला आवडला नाही, पण त्यांच्या बोलण्यातलं बरंचसं खरं आहे. पालकांचा सहभाग या गोड शब्दाखाली सरकारची आणि संस्थेची जबाबदारी हळूच सरकवली जाते. शिक्षकाची जागा रिकामी राहते, मग गावच वर्गणी काढून एखाद्या पदवीधर मुलाला तुटपुंज्या पैशांत उभं करतं, आणि वर्तमानपत्रात 'लोकसहभागाचा आदर्श' अशी बातमी येते. तो आदर्श आहे की नामुष्की आहे? जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितलं होतं की सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरच्या खर्चाचा लाभ मात्र वरच्यांना मिळतो. म्हणजे शेतकरी बाप शाळेच्या दारात येण्याआधीच कराच्या रूपाने देऊन बसलेला असतो. त्याच्याकडून रंगाचे डबे, पंखा, शौचालयाची कडी मागताना मागणाऱ्याची मान थोडी खाली असायला हवी.

या सरकवण्याला मराठीत एक सोज्वळ शब्दही सापडला आहे: मानधन. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना मजुरी मिळत नाही, मानधन मिळतं. केंद्राने २००९ मध्ये ते महिन्याला १००० रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहाच महिने; राज्यं आपापली भर घालतात. नाव मानधन, पण त्यात मान किती आणि धन किती हे त्या ताईला विचारावं. अंगणवाडी सेविकांनाही 'मानसेवी' म्हणत म्हणत दशकं काढली. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला एप्रिल २०२२ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. म्हणून एक रेघ मी ठळक मारते. जे काम रोज, ठरल्या वेळी, चुकलं तर शाळा अडेल असं आहे, ते स्वयंसेवेचं नाही. तिथे माणूस नेमा, पगार द्या. स्वयंपाक, सफाई, शिकवणं, बसमध्ये मुलांना चढवणं-उतरवणं या कामांवर मुलांच्या आया उभ्या करून नंतर त्यांना गुलाबाचं फूल देणं, याला मी कौतुक म्हणणार नाही. इथवर मी गृहस्थांच्या बाजूला आहे.

पण त्यांच्या युक्तिवादाचा शेवट कुठे होतो ते पाहा. पैसे दिले, काम शाळेचं, आम्ही गेटबाहेर. गेटबाहेरच्या माणसाला आत काय चाललंय ते कळायचं कसं? मुलींच्या शौचालयाला कडी नाही, हे शाळेच्या पत्रकात छापून येत नाही. शाळेत वावरणाऱ्या बाईच्या ते नजरेला पडतं. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी-सावित्री समिती नेमायचा शासन निर्णय २०२२ चा. बहुतेक पालकांनी ते नाव ऐकलं ते ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराच्या घटनेनंतर संतापलेले लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा. रुळांवर उतरणारे पालक वर्षभर शाळेच्या आवारात, समितीत, नोंदवहीच्या पानावर असते तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. पण बाहेर राहिलेल्या पालकाच्या हातात शेवटी संतापच उरतो, एवढं दिसतं. सेवा विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाला फार तर तक्रार करता येते किंवा दुकान बदलता येतं. तालुक्याच्या गावात दुसरं दुकान आहे कुठे?

आणि काही कामं अशी असतात की ती पैशाने विकत घेता येत नाहीत. राज्यात २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारीचं अभियान झालं, त्यात पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे गट केले होते. शाळेत मेळावा भरायचा, मूल वस्तूंचं वर्गीकरण करतं का, उड्या मारतं का, आपलं नाव सांगतं का हे आईच्या देखत बघायचं, आणि मग आठवड्यांमागून आठवडे आयांनी वस्तीत एकत्र बसून मुलांकडून खेळ करून घ्यायचे. आमच्या वस्तीतला गट पिठाच्या गिरणीजवळच्या पारावर बसायचा. फारसं न शिकलेल्या एका आईने शेंगांच्या टरफलांवर शंभरपर्यंत मोजणी करून घेतलेली मी पाहिली आहे. तिला कुणी 'माउली' म्हटलं नव्हतं. तिला एक काम दिलं होतं आणि ते कसं करायचं हे तिच्यावर सोडलं होतं. (त्यातही खोट होतीच. सूचना फोनवर यायच्या आणि फोन नवऱ्याबरोबर कामावर जायचा.) उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली ज्या मराठी शाळा सुट्टीच्या दिवशी भरतात, तिथे तर आईवडीलच शिक्षक असतात. ते थांबले तर शाळा थांबते, त्यामुळे त्यांचं काम वेगळं दाखवून द्यावं लागत नाही. आपल्याकडे शाळा तशीही चालूच राहते आणि म्हणून पालकाचं काम न दिसणं सोपं होतं.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र सभेत कुणी घेतलाच नाही, तो मीच घेते. स्वयंसेवा ही ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे त्याचीच मिरास असते. आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, एक दिवस गैरहजर राहिलं तर खाड्याचे पैसे कापले जातात. त्यांची मुलं आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. सहा महिने शाळेत पालक म्हणून उगवते ती आजी, आणि अंगठा कुठे करायचा एवढंच तिला विचारलं जातं. क्रीडादिनाला लिंबू-सरबत करायला ती येणार आहे का? शहरात वेगळा कोयता आहे एवढंच: शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर प्रवेश मिळालेल्या मुलाची आई वर्गाच्या ग्रुपवर 'उद्या कोण कोण येतंय?' हा निरोप वाचते आणि मालकिणीकडे सुट्टी मागायची हिंमत करत नाही. ज्याला खाडा परवडतो तोच स्वयंसेवक, आणि जो स्वयंसेवक तोच बाईंच्या ओळखीचा. मग नाटकात कुणाच्या मुलीला काम मिळतं, याचं उत्तर द्यायला संशोधन लागत नाही. त्यातही येणाऱ्या बहुतेक बायकाच. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होते आणि पुरुषांचे ९७. या पाच तासांवर शाळा आपली पाऊण तासाची मागणी अलगद ठेवते, आणि ती कुणाकडे मागायची याबद्दल तिला कधी शंकाच पडत नाही.

हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष 'म्हणून स्वयंसेवा बंद करा' असा असू शकत नाही. ज्याच्याकडे वेळ नाही त्याच्यासाठी दार मोठं करणं हा आहे. आणि याची एक गंमतशीर कल्पना आपल्याच कायद्यात पडून आहे. महाराष्ट्राच्या शुल्क नियमन कायद्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती निवडायची ती इच्छुकांमधून सोडत काढून, अशी तरतूद आहे. चिठ्ठ्या! कायदा करणाऱ्यांनी ओळखलं होतं की हात वर करणारे आणि मुख्याध्यापकांनी बोलावलेले बहुधा तेच ते असतात. सोडतीला हसणारे लोक मी पाहिले आहेत. 'असं कुठे असतं का, लायक माणूस निवडायला नको?' असं ते म्हणतात. लायक माणसांनी भरलेल्या समितीने महिनाभराच्या तीस सह्या एका बसणीत केल्या होत्या, हे मी त्यांना सांगत असते. धुणीभांडी करणारी ती आई चिठ्ठीतून आलेली होती. आमच्याकडे कायद्याने सक्ती नव्हती, पण एका जागेसाठी दोन नावं आली आणि भांडण नको म्हणून चिठ्ठी टाकली, इतकंच.

शिक्षकांचीही बाजू आहे, ती थोडक्यात. पालक आत आले की लुडबुड करतात, दुसऱ्याच्या मुलाची उत्तरपत्रिका बघतात, बाईंना शिकवायला शिकवतात. होतं असं. कोणत्या कामात पालकाने पडायचं आणि कोणत्या नाही, हे वर्षाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं तर यातलं निम्मं टळतं, आणि उरलेलं निम्मं माणसांबरोबर काम करण्याचा भाग म्हणून सोसायचं असतं.

गैरसोय खरी आहे ती वेगळीच. कायद्याने दिलेला अधिकार आपण हळूहळू काढून घेतला आणि त्या जागी सन्मान ठेवला. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळांतली व्यवस्थापन समिती केवळ सल्लागार उरली. शुल्क कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. फी अन्याय्य वाटली तर दाद मागायला पंचवीस टक्के पालक एकत्र यायला हवेत अशी अट आली. हजार मुलांच्या शाळेत अडीचशे घरं जमवून बघा म्हणजे कळेल. एकीकडे पालकाचं मत असं हलकं होत गेलं आणि दुसरीकडे सत्काराच्या ट्रॉफ्या जड होत गेल्या. हा योगायोग असेलही. पण दरबारातही असंच चालायचं: कारभार काढून घेतलेल्या सरदाराला मानाची वस्त्रं मात्र वेळच्या वेळी पोचायची.

सत्काराने खरंच काही साधतं का, हे तपासायची माझी एक कसोटी आहे आणि ती मी कुठल्याही शाळेला लावते. जो पालक 'मला जमणार नाही' म्हणाला त्याच्या मुलाकडे दुसऱ्या दिवशी वर्गात कसं पाहिलं गेलं? 'तुझी आई कधीच येत नाही का रे?' हे वाक्य सातवीतल्या मुलासमोर उच्चारलं गेलं असेल, तर त्या शाळेत स्वयंसेवा नाही, वेठ आहे. वेठबिगारीत आणि श्रमदानात कष्ट तेच असतात. दोन्हीकडे डोक्यावर तीच पाटी असते. नाही म्हणता येतं की नाही, एवढ्याने सगळा अर्थ फिरतो. एका बाईंनी मला मध्यंतरी सांगितलं की येणाऱ्यांचा सत्कार केल्याने न येणाऱ्यांना प्रेरणा मिळते. मला वाटतं, न येणाऱ्यांच्या मुलांना त्या दिवशी मंचाकडे बघत बसावं लागतं, एवढंच होतं.

मग करायचं काय? आमच्या समितीत जे थोडंफार जमलं ते सांगते, फार मोठं नाही. इतिवृत्तात 'पालकांनी सहकार्य केले' असं मोघम न लिहिता कोणी काय केलं आणि किती तास, ते लिहायला सुरुवात केली. पहिल्याच महिन्यात दिसलं की पन्नासेक तासांतले चाळीस तीन बायकांचे होते. ते आकड्यात आल्यावर त्या तिघींनाच धक्का बसला आणि पुढच्या महिन्यात दोन बाप सहलीबरोबर गेले. चव बघणाऱ्यांची पाळी लावली आणि 'उत्तम' हा शिक्का बंद करून स्वतःच्या शब्दांत लिहायचं ठरलं. 'मीठ कमी', 'वरण पातळ', 'आज छान' अशा नोंदी येऊ लागल्या. त्या वाचायला मजा येते. वर्षाअखेरीस शिक्षणाधिकारी कार्यालयातून तपासणीला आलेल्या बाईंनी ती वही शेवटपर्यंत चाळली, हे मी स्वतः पाहिलं.

आणि सत्काराच्या ठरावाचं काय झालं? पुढच्या सभेत तो मंजूर झाला, मीही हात वर केला. यादीत या वेळी चव बघणाऱ्या आईचं नाव मी घातलं आणि तिला विचारायला तिच्या घरी गेले, कारण तिच्या मुलाने शाळा बदलली नसली तरी ती आता समितीत नाही. ती भांडी घासत होती. शाल नको म्हणाली, घरात दोन आहेत, दोन्ही लोकांच्या लग्नातल्या. मग काय हवं, असं मी विचारलं. तिने जरा विचार केला. "ती सभा तेवढी संध्याकाळी सातनंतर घेता आली तर बघा," म्हणाली, "म्हणजे मला येता येईल."

मी तसं लेखी दिलं. या वर्षीच्या पहिल्या सभेची सूचना परवा मुलाच्या वहीत चिकटवून आली आहे. मंगळवार, सकाळी अकरा वाजता.